‘न’पर्यंतचा समुद्र

होडीबद्दल मला काहीही विचारा. ‘अ’पासून ‘न’पर्यंत काहीही. डोलकाठी कशी उभी करतात, गलबत कशाला म्हणायचं आणि होडी कशाला, तांडेल कुठे बसतो, खलाशी कुठे झोपतो, सगळं झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. ही फुशारकी नव्हे. नऊशे सत्त्याऐंशी शब्दांची कार्डं मी माझ्या हाताने लिहिली आहेत आणि त्यातल्या एकाच कार्डावर खाडाखोड आहे.

‘न’च्या पुढचं मात्र विचारू नका.

आमचं कोश कार्यालय म्हणजे पंखे दुरुस्तीच्या दुकानावरच्या तीन खोल्या. एकेका धंद्याचे, एकेका विद्येचे शब्द गोळा करायचे, कार्डावर लिहायचे, पत्र्याच्या पेटीत वर्णक्रमाने लावायचे, हे आमचं काम. प्रमुख संपादक म्हणजे आमच्या बाई. वय अडुसष्ट, चष्मा गळ्यात दोरीला, पर्समध्ये मोजपट्टी. त्यांच्या खुर्चीमागे भिंतीवर एकच पाटी आहे, ‘पाहिल्याशिवाय लिहू नये.’ वस्तू असेल तर हात लावून पाहायची, क्रिया असेल तर करून पाहायची, मगच व्याख्या लिहायची. सुतारकामाचा कोश करणाऱ्या माझ्या सहकाऱ्याला डाव्या अंगठ्याचं नख नाही. ‘करवतणे’ या शब्दाला गेलं.

माझ्या वाट्याला आला नौकानयनाचा कोश. आता मी पडलो पाण्याला भिणारा माणूस. थोडाथोडका नव्हे, आंघोळीलासुद्धा मी बादली अर्धीच भरतो. पण माझे सासरे, ज्यांना मी मामा म्हणतो, चाळीस वर्षं शिडाच्या होडीवर तांडेल होते. म्हणजे होडीचे मालक तेच, चालवणारेही तेच. मग काय, दर रविवारी ते आमच्याकडे आले की मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर कार्डं मांडून बसायचो. ते सांगायचे, मी लिहायचो. अडीच वर्षांत समुद्र मी त्या टेबलावर ‘न’पर्यंत पार केला, पायाला थेंब न लागता.

“अहो, पण तुम्ही होडीत कधी बसलायत?” बायकोने एकदा विचारलं.

“मला बसायची गरज काय? तुझे वडील चाळीस वर्षं बसलेत. एका घराण्यात एकाने बसलं की पुरे.”

“आणि बाईंनी विचारलं तर?”

“तर सांगायचं, कण न् कण पाहिलाय म्हणून. कोण येतंय बघायला?”

बाई आल्या बघायला.

गोष्ट अशी की मी पाच वर्षं हंगामी होतो. दर अकरा महिन्यांनी नवीन पत्र. पहिला खंड, म्हणजे ‘अ’ ते ‘न’, बाईंनी तपासून मान्य केला तर मी कायम होणार होतो आणि दुसरा खंडही मलाच मिळणार होता. मान्य केला नाही तर पेटी दुसऱ्याच्या टेबलावर आणि मी घरी. बाईंनी कार्डं चाळली, मान डोलावली आणि म्हणाल्या, “लेखन चोख आहे. आता तपासणी जागेवर करू. होडीत.”

“होडीत?” माझा आवाज मला परका वाटला.

“तुमचे सासरे तांडेल आहेत ना? गुरुवारी सकाळी दहा वाजता धक्क्यावर भेटू. पेटी आणा.”

बुधवारी मला झोप लागली नाही. पण माणूस एकदा खोटं बोलला की त्याला पुढे चालत राहावंच लागतं, थांबला की पडतो. गुरुवारी सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घालून, पेटी काखेत मारून धक्क्यावर हजर झालो. बाई कॅनव्हासचे बूट घालून आल्या होत्या. मामांनी आम्हाला छोट्या होडीत बसवलं आणि वल्हवत त्यांच्या मोठ्या होडीकडे नेलं. ती धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर नांगरून ठेवलेली होती. त्या एवढ्याशा प्रवासात मी डोळे मिटून ‘क’ची सगळी कार्डं मनात म्हटली.

मोठ्या होडीत चढल्यावर मामा म्हणाले, “जावईबापू, मी थांबतो इथेच.”

आता ते थांबले असते तर बाईंनी प्रश्न मला विचारले असते आणि उत्तरं त्यांनी दिली असती. मला ते परवडणारं नव्हतं. मी म्हटलं, “मामा, तुम्ही जा, चहा घ्या. या होडीतला खिळा न् खिळा मला पाठ आहे.”

मामांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. “बरं. ओहोटी लागली आहे. कशाला हात लावू नका.”

“ओहोटी मला सांगताय? एकशे चौदावं कार्ड आहे माझं.”

“आणि ते तिकडे दिसतात ना,” त्यांनी बंदराच्या तोंडाशी असलेल्या काळ्या खडकांकडे बोट दाखवलं. तिथे पाणी सारखं पांढरं होत होतं. “त्यांच्यावर आजवर दोन होड्या फुटल्या. एक माझीच होती.” एवढं बोलून ते छोट्या होडीत उतरले आणि धक्क्यावरच्या चहाच्या टपरीकडे निघून गेले.

तपासणी झकास सुरू झाली. मी दोन्ही हातांनी डोलकाठीला मिठी मारून उभा होतो. बाईंना वाटलं, मी ती दाखवतोय. त्यांनी मोजपट्टी लावली, कार्ड वाचलं, बरोबरची खूण केली. होडीचं पुढचं टोक म्हणजे नाळ, तिच्यावर त्यांनी दोनदा थाप मारली. बरोबर. शिडाचा मोकळा कोपरा ओढून धरायची दोरी म्हणजे दामण, मी डोलकाठीशी बांधलेल्या दोरांकडे मोघम हात केला. बरोबर. बाईंनी तपासायला काढलेल्या कार्डांपैकी तासाभरात एकच उरलं. मला तर नेमणुकीच्या पत्राचा वास यायला लागला होता.

“नांगर,” बाईंनी वाचलं. “‘होडी एका जागी थांबवून धरण्यासाठी पाण्यात टाकायचे, दोराला बांधलेले, चार आकड्यांचे लोखंडी साधन.’ चार?”

“चार.”

“मोजलेत?”

मामांनी चार सांगितले होते, का पाच, हे त्या क्षणी मला आठवेना.

“तुम्ही नांगर पाहिलाय ना?” बाईंचा चष्मा नाकावर चढला.

“पाहिलाय की. पण या होडीचा सध्या... पाण्यात आहे.”

“मग वर घ्या. पाहिल्याशिवाय मी खूण करत नाही.”

तुम्ही म्हणाल, इथे शहाणा माणूस थांबला असता. शहाण्या माणसाला पाच वर्षांत पाच नेमणूकपत्रं मिळालेली नसतात. मी दोर धरून ओढायला लागलो. जड होता. बाईंनी पदर खोचला आणि त्याही ओढायला लागल्या. प्रमुख संपादक आणि हंगामी सहायक, दोघं मिळून, घामाघूम होत, तो नांगर आम्ही वर घेतला आणि मी तो मांडीवर घेऊन फळीवर बसलो. चिखलाने शर्ट माखला. आकडे मोजले. चार होते.

“बघा बाई, चार.”

“छान. पण ‘आकडे’ म्हणावं की ‘फाळ’?”

यावर आमची चांगली दहा मिनिटं चर्चा झाली. विद्वान माणसांची चर्चा, आजूबाजूचं भान कुठलं राहायला. मी सहज मान वर केली आणि मला एक विचित्र गोष्ट दिसली.

“बाई, धक्का चाललाय.”

“कुठे?”

“मागे.”

बाईंनी चष्मा उतरवला, पुसला, पुन्हा लावला. चहाची टपरी काड्यापेटीएवढी झाली होती. मग त्या हळूच म्हणाल्या, “धक्का नाही चाललेला. आपण चाललोय.”

मी उठायला गेलो. पण मांडीवर नांगर, त्यामुळे उठता येईना.

“हे कशामुळे होतंय?” बाईंनी विचारलं. आवाज अगदी कार्यालयातला, पण पर्स त्यांनी छातीशी धरली होती.

“ओहोटी, बाई. कार्ड एकशे चौदा. ‘समुद्राचे पाणी किनाऱ्यापासून मागे सरणे.’”

“मग ते परत कधी येतं?”

“भरतीला. पण भरती ‘भ’त आहे. दुसऱ्या खंडात.”

आपलं नेमकं काय होतंय हे मला शब्दन् शब्द माहीत होतं. उपाय तेवढे सगळे ‘प’पासून पुढे होते. वल्हं ‘व’त, शीड ‘श’त, सुकाणू ‘स’त. शब्द कानावरून गेलेले, हो, ते लहान मुलालाही माहीत असतात. पण त्यांचं करायचं काय, कुठून धरायचं, कुठे ओढायचं, हे मामा सांगायला लागले की मी म्हणायचो, “मामा, ते पुढच्या वर्षी. वर्णक्रम मोडायचा नाही.”

“तुम्हाला पोहता येतं?” बाईंनी विचारलं.

“पोहणं दुसऱ्या खंडात आहे, बाई.”

“मी शब्द विचारत नाहीये.”

“नाही येत. तुम्हाला?”

बाईंनी नकारार्थी मान हलवली. मग मी त्यांना धीर द्यावा म्हणून म्हटलं, “पण बुडणंही दुसऱ्याच खंडात आहे.”

“‘जलसमाधी’ घेतलाय का?”

“घेतलाय. कार्ड चारशे सहा.”

“हं,” बाई म्हणाल्या आणि खडकांकडे पाहायला लागल्या. ते आता चांगले मोठे झाले होते. पाणी त्यांच्यावर आपटून फुटत होतं आणि त्याचा आवाज आमच्यापर्यंत यायला लागला होता. मला बायको आठवली. सकाळी ती म्हणाली होती, संध्याकाळी येताना पिठाची पिशवी आणा. आता ती पिशवी कोण आणणार, या विचाराने मला रडूच आलं.

“शिडाने परत जाता येईल,” बाई एकदम म्हणाल्या. “वाऱ्यावर होड्या चालतात. दामण तुम्हाला माहीत आहे. ओढा ती.”

दामण मला माहीत होती. पण डोलकाठीच्या बुंध्याशी तीन दोर बांधलेले होते, आणि तिन्ही सारखेच मळके. ‘दामण’ असं कुणावर लिहिलेलं नव्हतं. मी देवाचं नाव घेऊन मांडीवरचा नांगर डाव्या हाताने सांभाळत उजव्या हाताने मधल्या दोराची गाठ सोडली.

वरून काहीतरी सुसाट खाली आलं. शिडाची आडवी काठी होती ती. तिचं नाव मामांनी एकदा सांगितलं होतं, पण ते ‘प’ने सुरू होतं म्हणून मी लक्ष दिलं नव्हतं. काठी माझ्या कानाजवळून जाऊन फळीवर आपटली आणि तिच्यापाठोपाठ सगळं शीड बाईंच्या अंगावर पडलं. प्रमुख संपादक दिसेनाशा झाल्या.

“बाई! बाई, आहात का?”

“आहे,” कापडाखालून आवाज आला. “ही दामण नव्हती.”

“नव्हती.”

“मग कार्डात ओळखायची खूण लिहायला हवी होती. लिहून ठेवा.”

मी लिहून ठेवलं. होडी इतकी हलत होती की ते अक्षर आजही मला लागत नाही.

मी शीड उचलून बाईंचं डोकं बाहेर काढलं, तेव्हा त्यांना धक्क्यावरचे मामा दिसले. ते टोकाशी येऊन उभे होते आणि आमच्याकडे पाहून ओरडत होते. पण वारा आमच्याकडून त्यांच्याकडे वाहत होता, एक अक्षर पोहोचत नव्हतं. मग त्यांनी खुणा सुरू केल्या. दोन्ही हात पोटाशी धरले, जड काही उचलल्यासारखे वर नेले आणि जोरात खाली आणले. पुन्हा वर, पुन्हा खाली.

“काय म्हणतायत ते?” मी विचारलं.

बाईंनी नीट पाहिलं. “खाली बसा म्हणतायत.”

आम्ही बसलेलेच होतो. फळीवरून उतरून आम्ही तळाशी बसलो. तळाला टाचभर पाणी होतं, त्यातच. मामांनी पुन्हा तीच खूण केली, आधीपेक्षा जोरात. आम्ही आणखी वाकलो. मग मामांनी स्वतःच्या कपाळावर हात मारला.

“डोकं सांभाळा म्हणतायत,” बाई म्हणाल्या. आम्ही दोघांनी डोकी धरली.

त्यानंतर मामा छोट्या होडीत उडी मारताना दिसले, आणि मग लाटांमुळे काही दिसेना.

खडकांचा आवाज आता इतका मोठा झाला होता की बोलायला ओरडावं लागत होतं. मरणाच्या दारात माणूस खरं बोलतो म्हणतात. मी बोललो.

“बाई, मी आयुष्यात पहिल्यांदा होडीत बसलोय. सगळी कार्डं मी घरी लिहिलीत. स्वयंपाकघरात. एकही वस्तू मी पाहिलेली नाही. मला कायम करू नका.”

बाईंनी भिजलेला पदर पिळला. मग म्हणाल्या, “शेतीचा कोश माझा आहे, माहीत आहे ना?”

“हो. पुरस्कार मिळालेला.”

“मी बैल जवळून पाहिलेला नाही. मला त्यांची भीती वाटते. शिंगांची.” त्यांनी पर्स आणखी आवळली. “ती पाटी मी त्यानंतर लावली.”

मला एकदम त्यांच्याबद्दल माया वाटली. पाच वर्षांत पहिल्यांदा आम्ही साहेब आणि हाताखालचा माणूस राहिलो नव्हतो. दोन भित्री माणसं होतो. मी त्यांचा हात धरला असता, पण माझे दोन्ही हात नांगराला होते. एवढ्या गडबडीत तो मी सोडला नव्हता. तपासलेली वस्तू होती, खूण झालेली. ती तरी नीट राहावी असं वाटत होतं.

“शेवटचं कार्ड वाचून दाखवा,” बाई म्हणाल्या. “काम अर्धवट टाकून जायला मला आवडणार नाही.”

मी वाचलं. “नांगर. होडी एका जागी थांबवून धरण्यासाठी पाण्यात टाकायचे, दोराला बांधलेले, चार आकड्यांचे लोखंडी साधन.”

“‘थांबवून धरण्यासाठी’ नको. नुसतं ‘थांबवण्यासाठी’ पुरे. शब्द वाचवावेत.”

“बरोबर आहे, बाई.” मी ‘थांबवून धरण्यासाठी’ खोडून ‘थांबवण्यासाठी’ लिहिलं. माझ्या कार्डावरची ती पहिली खाडाखोड. बाईंनी खूण केली, तारीख घातली, सही केली.

एवढ्यात बाजूला धडक बसली. मी डोळे मिटले. खडक लागला, संपलं, असं वाटलं. पण खडक धापा टाकत नाही. डोळे उघडले तर मामा काठावरून आत येत होते, घामाने निथळत. त्यांनी बाईंकडे पाहिलं, खाली पडलेल्या शिडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“जावईबापू, नांगर कुठे आहे?”

“हा काय, मांडीवर. अगदी सुरक्षित आहे, मामा.”

“दोर बांधलेला आहे?”

मी पाहिलं. “आहे.”

मामा पुढे आले, माझ्या मांडीवरून नांगर उचलला आणि पाण्यात टाकला. धप्प. दोर सरसर गेला, ताठ झाला, होडीने एक गचका दिला आणि उभी राहिली. खडक वीस हातांवर होते. पाणी त्यांच्यावर फुटत राहिलं, पण आम्ही जिथे होतो तिथेच राहिलो.

“झालं,” मामा म्हणाले आणि त्यांनी विडी पेटवली.

मी बाईंकडे पाहिलं नाही. बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. दोघंही कार्डाकडे पाहत होतो. शाई अजून ओली होती.

मग बाई म्हणाल्या, “व्याख्या बरोबर आहे.”

परत जाताना मामांनी सुकाणू धरलं, शीड चढवलं, कोणता दोर कधी ओढला ते मला समजलं नाही. धक्क्यावर उतरल्यावर बाईंनी बूट काढून त्यातलं पाणी ओतलं आणि मला बाजूला घेतलं. बैलाचं मी कुठे बोलायचं नाही, नांगराचं त्या कुठे बोलणार नाहीत. ठरलं. मी तर आता कोशाचं काम आयुष्यात करायचं नाही असं म्हणणार होतो, तेवढ्यात त्या म्हणाल्या, “पत्र सोमवारी मिळेल. तुम्ही कायम.”

मी पिठाची पिशवी घेऊन घरी गेलो. बायकोने चिखलाचा शर्ट पाहिला आणि काही विचारलं नाही. मामांनी दुपारीच फोन केला होता.

तर मी कायम झालो आणि दुसरा खंडही मिळाला. फक्त बाईंनी यावेळी एक अट घातली. पाटीवरचा नियम या खंडात तंतोतंत पाळायचा. वस्तू पाहायची, क्रिया करायची. म्हणून गेले तीन महिने रोज सकाळी सात वाजता मी तरणतलावात कमरेइतक्या पाण्यात उभा असतो. शेजारी सहा-सात वर्षांची पोरं सूर मारत असतात आणि मी काठ धरून ‘पोहणे’ या शब्दावर काम करत असतो. नोंद अजून अपूर्ण आहे.

कालच बायको कार्डांची यादी चाळत होती. म्हणाली, “अहो, ‘प’, ‘फ’ झाल्यावर ‘ब’ येतो. त्यात बुडणं आहे. त्याचं काय करणार?”

मी बाईंना लेखी विचारलंय. अजून उत्तर आलेलं नाही.